सात रात्रींचा मेनू आणि आठ तासांचं बंदर

मुलगा सिएटलला. आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले. नायगारा झालाय, लास वेगस झालंय, कॉस्टकोचे बदाम बॅगेत भरून झालेत. अशात सून जाहीर करते, "जुलैत आपण सगळे अलास्काच्या क्रूझला जातोय." देवमासे दिसतात का, हिमनदी किती जवळून बघायला मिळते, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. पहिला प्रश्न येतो तो असा : "तिथे जेवायचं काय?"

प्रश्न सात रात्रींचा, त्यामुळे तपासही कसून होतो. आधी जाऊन आलेल्या प्रत्येकाला फोन लागतो. भात असतो का? असतो. वरण? सांगावं लागतं. पोळी? नान असतो. "म्हणजे पोळी नसते," अशी नोंद होते. मेनूकार्डांचे फोटो मागवले जातात, बोटांनी मोठे करकरून वाचले जातात. रिसोट्टो म्हणजे आपला मऊ भातच, असा निवाडा होतो आणि घराला धीर येतो. याच घरात, जहाज सात दिवसांत थांबतं कुठे कुठे, असं विचारून बघा. "ते ज्यूनो की काय ते... आणि एक कुठलंसं कॅनडात."

म्हणून आजचं सदर पहिल्यांदा जहाजावर चढणाऱ्यांसाठी. प्रश्न तुमचे, उत्तरं आमची. सगळ्या उत्तरांचा सारांश आधीच देऊन टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं पान उलटता येईल : जहाजावर जेवणाचं नियोजन करावं लागत नाही, ते आपण तीन आठवडे करतो, बंदराचं करावं लागतं, ते जहाज धक्क्याला लागल्यावर सुरू करतो.

"जेवण तिकिटात असतं ना?"

असतं. इतकं असतं की तिसऱ्या दिवशी तुम्हीच हात जोडाल. मोठ्या जहाजावर एक मुख्य भोजनगृह असतं. तिथे टेबलावर आणून वाढतात आणि रोज रात्री मेनू बदलतो. वरच्या मजल्यावर बुफे असतो, तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत काही ना काही मांडलेलं असतं. या दोन्हींचे पैसे तिकिटातच आले. तिसरा प्रकार स्पेशालिटी रेस्टॉरंटचा. स्टेक, सुशी, इटालियन. तिथे वेगळे पैसे. आपला माणूस पहिल्या संध्याकाळी त्या काचेतून आत बघतो, बाहेर लावलेला दर बघतो, डॉलरचे रुपये करतो आणि बुफेकडे वळतो. अख्ख्या सफरीतला त्याचा सर्वांत शहाणा निर्णय हाच.

मुख्य भोजनगृहात मात्र आपले लोक उगाच बिचकतात. एक सूप, एक मुख्य पदार्थ, एक गोड, एवढंच मागवतात आणि शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन आजोबांसमोर तीन स्टार्टर बघून, यांनी काही जादा पैसे भरलेत का, अशी कुजबुज करतात. भरलेले नाहीत. स्टार्टर दोन मागवा, गोड दोन मागवा, आवडलं नाही तर बदलून घ्या. काही कंपन्या जादा मुख्य पदार्थाचे किंवा दुसऱ्या लॉबस्टरचे पैसे लावतात, तेवढं वेटरला आधी विचारायचं. ही माहिती कळताच बाबांचा चेहरा खुलतो आणि आईचा पडतो. बाबांच्या साखरेचा हिशेब आईकडे असतो.

"साडेपाचचं जेवण घ्यायचं की आठचं?"

बुकिंग करतानाच हे विचारतात. रोज ठरलेल्या वेळी ठरलेलं टेबल, किंवा आपल्या सोयीने केव्हाही. साडेपाच ही चहाची वेळ असल्याने आई-बाबा ती नाकारतात. आठ वाजता जेवलं की पचत नाही, म्हणून तीही नाकारतात. मग "सात नाही का?" अशी विचारणा होते. भाजीवाल्याशी होते त्याच सुरात.

अलास्कात सोयीने केव्हाही, हाच पर्याय घ्या. जूनमध्ये ज्यूनोला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. साडेपाचला जेवायला बसणं म्हणजे भर उन्हात ताट वाढून घेणं. शिवाय जहाज एखाद्या बंदरात रात्री आठ-नऊपर्यंत थांबलेलं असेल, तर साडेपाचच्या टेबलासाठी तुम्ही चारलाच पाय ओढत परत येणार. देवमासे बघायला गेलेली नाव सहाला परत येणार असेल, तर टेबल तरी जाणार नाहीतर देवमासा. जेवणाची वेळ बंदराचं वेळापत्रक बघून ठरवायची असते. आपण उलटं करतो.

"शाकाहारी मिळेल का?"

मिळतं. बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या भोजनगृहात रोज एखादा भारतीय शाकाहारी पदार्थ असतो किंवा आदल्या रात्री सांगितलं तर करून देतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या शाकाहारात अंडं बसतं, तेव्हा अंडं चालत नसेल तर ते स्वतंत्रपणे सांगायचं. आणि जैन जेवण किंवा कांदा-लसूण वर्ज्य असेल, तर ते बुकिंगच्या वेळीच कळवायचं. चालत्या जहाजावर हवा तो जिन्नस आणायला मंडई नसते.

पहिल्या संध्याकाळी हेडवेटरला गाठा. तुमच्या जहाजावर गोव्याचा किंवा मुंबईचा माणूस सापडण्याची शक्यता दांडगी आहे. जगभरच्या प्रवासी जहाजांच्या मुदपाकखान्यांत आणि भोजनगृहांत आपल्याकडचे लोक पिढ्यान् पिढ्या काम करत आले आहेत. गोव्यातल्या कितीतरी घरांत एक तरी माणूस बोटीवर असतो. असा कुणी भेटला की वरण येतं, कोशिंबीर येते, नको म्हटलं तरी पापड येतो. बदल्यात तुम्ही त्याला विचारता : गाव कुठलं, लग्न झालं का, पगार किती. तो सगळ्यांची उत्तरं हसून देतो. सहा-आठ महिन्यांच्या करारावर घर सोडून आलेल्या माणसाला एवढं तरी बोलायला कुणी हवं असतं. फक्त तेवढ्यात त्याच्याकडची बाकीची पाच टेबलं उपाशी बसलेली असतात, हे ध्यानात असू द्या.

शेवटच्या एखाद्या रात्री बेक्ड अलास्का नावाचं गोड येतं. आत केक आणि आइस्क्रीम, वर फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा थर, भाजून तपकिरी केलेला. काही जहाजांवर वेटर त्याची मिरवणूक काढतात आणि मंडळी नॅपकिन फिरवतात. अंडं न खाणाऱ्यांनी नॅपकिन फिरवावा आणि फळं मागवावीत. हॉलंड अमेरिका या कंपनीच्या जहाजांवर हिमनदीसमोर गारठ्यात उभं राहिलं की हातात वाटाण्याच्या गरम सुपाचा पेला येतो. जुनी डच पद्धत. वाटाणे बघून शाकाहाऱ्यांनी लगेच घोट घेऊ नये. त्यात मांस घालतात. आधी विचारा, मग फोटो काढा, मग प्या.

"घरून काय काय न्यायचं?"

१८९७-९८ साली क्लोंडाइकच्या सोन्यामागे हजारो लोक स्कॅगवेच्या किनाऱ्यावर उतरले. पुढची वाट डोंगरातून कॅनडात जाणारी. खिंडीत कॅनडाचे पोलीस उभे. वर्षभर पुरेल एवढी शिधासामग्री जवळ असल्याशिवाय ते कुणाला आत सोडत नव्हते. पीठ, घेवडा, खारवलेलं मांस, अवजारं, सगळं धरून माणशी साधारण एक टन. माणसं तो बोजा पाठीवर थोडा थोडा करून खेपा घालत वर नेत होती.

मराठी कुटुंबावर अशी सक्ती कुठल्याच पोलिसाने केलेली नाही. तरी बॅगेत चकल्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, दोन प्रकारचे चिवडे, थालीपीठाची भाजणी आणि हे सगळं शिजवायला विजेची किटली. किटली बहुतेक कंपन्या केबिनमध्ये चालू देत नाहीत. इस्त्रीही नाही. जहाजावर आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते. चढताना बॅग यंत्रातून जाते, किटली तिथेच काढून घेतात आणि उतरायच्या दिवशी परत देतात. घरी केलेले पदार्थही बहुतेक ठिकाणी अडवतात. दुकानातली सीलबंद पाकिटं सहसा चालतात. गरम पाणी बुफेत फुकट मिळतं, तेव्हा मसाला चहाची पाकिटं न्या आणि थांबा. एवढं पुरतं.

परतीच्या दिशेने आणखी एक : बुफेतलं सफरचंद किंवा सँडविच पर्समध्ये टाकून कॅनडात उतरू नका. फळं आणि मांस बोटीवरून किनाऱ्यावर न्यायला बंदी असते आणि धक्क्यावर तपासणी असते. चार डॉलरच्या सफरचंदासाठी आईच्या पर्समध्ये कस्टम्सच्या अधिकाऱ्याचा हात जाणं कुणाला परवडायचं नाही. आईला तर नाहीच.

"टिप द्यावीच लागते का?"

तुम्ही द्या किंवा देऊ नका, बहुतेक अमेरिकी कंपन्या ती तुमच्या खात्यावर आपोआप मांडतात. माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर. चौघांचे सात दिवसांचे साडेचारशे ते साडेपाचशे. ही रक्कम शेवटच्या सकाळी दाराखाली सरकवलेल्या बिलावर पहिल्यांदा दिसते आणि बाबा काउंटरवर भांडायला निघतात. ज्याने सात दिवस पापड आणून दिला त्याच्याच पोटावर पाय येतो, हे कुणीतरी त्यांना जिन्यातच सांगावं. तिकीट काढतानाच ही रक्कम हिशेबात धरा. पेयांच्या पॅकेजचंही तसंच. बऱ्याच कंपन्यांत एका केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. बाबांच्या दोन बिअरसाठी आईच्या नावावर सात दिवसांची दारू चढते. साधं पाणी, चहा आणि साधी कॉफी फुकट असते. आईला तीच हवी असते.

"बोट लागेल का?"

सिएटलहून निघणारी बरीच जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या समुद्रातून जातात. तिथे पहिली किंवा शेवटची रात्र डोलवू शकते. पुढे अलास्कातल्या बेटांच्या आडोशाला पाणी शांत असतं. केबिन मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घेतली तर डुलणं कमी लागतं. गोळी डॉक्टरांना विचारून आधी घ्यायची असते, तीन स्टार्टर खाऊन झाल्यावर नव्हे.

जेवण इथे संपलं. आता जे प्रश्न कुणी विचारत नाही, त्यांच्याकडे वळू.

"कॅनडाचा व्हिसा? आपण तर अलास्काला जातोय!"

मुंबईत गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, अमेरिकेने एक कायदा केला. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात सोडायचे नाहीत. स्वदेशी जहाजधंद्याला संरक्षण, हा हेतू. आज बहुतेक मोठी क्रूझ जहाजं बहामा, पनामा, बर्म्युडा असल्या झेंड्यांखाली फिरतात. त्यामुळे सिएटलहून निघून सिएटललाच परतणाऱ्या जहाजाला वाटेत कुठेतरी परदेशात टेकावंच लागतं. सर्वांत सोयीचं परदेश म्हणजे कॅनडातलं व्हिक्टोरिया. म्हणून सफरीच्या अखेरीस, पुष्कळदा संध्याकाळी, जहाज तिथे काही तास थांबतं. कायद्याचं समाधान होतं, प्रवासी आइस्क्रीम खाऊन परत येतात.

या आइस्क्रीमसाठी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. मुलगा-सून एच-वन-बी वर असतील तर त्यांनाही. ग्रीनकार्ड असेल तर व्हिसातून सुटका आहे, पण कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही जवळ हवेत. "आम्ही व्हिक्टोरियाला खाली उतरणारच नाही," हा युक्तिवाद चढण्याच्या काउंटरवर चालत नाही. कागद पुरे नसतील तर जहाज तुम्हाला सिएटललाच सोडून जातं आणि पैसे परत मिळण्याची आशा धरू नये. व्हिसाच्या अर्जाला आठवडे लागू शकतात. भात मिळतो का हे विचारण्यात गेलेले ते तीन आठवडे इथे कामी आले असते.

हा कायदा कोविडच्या काळात अमेरिकेलाच नडला. कॅनडाने आपली बंदरं क्रूझ जहाजांना बंद केली आणि अलास्काचा सगळा मोसम बुडायची वेळ आली. तेव्हा २०२१ मध्ये अमेरिकेच्या संसदेने अलास्काच्या जहाजांना तात्पुरती सूट देणारा नवा कायदा केला. कॅनडाची दारं उघडली आणि सूट संपली. जुना कायदा ठणठणीत आहे.

"उतरून बघायचं काय?"

हा खरा प्रश्न. दुर्दैवाने तो जहाजाच्या शिडीवर विचारला जातो.

ज्यूनो ही अलास्काची राजधानी. इथून साधारण २० किलोमीटरवर मेंडेनहॉल हिमनदी आहे. बसने जाता येतं. तिथून नगेट धबधब्यापर्यंत सपाट पायवाट आहे, जाऊन-येऊन तीनेक किलोमीटर. उन्हाळ्यात इथल्या पाण्यात कुबड असलेले हंपबॅक देवमासे असतात. हिवाळा हवाईच्या उबेत काढतात, उन्हाळ्यात जेवायला इकडे येतात. म्हणजे खाण्यासाठी अलास्काला येणारे तुम्ही एकटे नाही.

स्कॅगवेला सोन्याच्या त्या धावपळीतून जन्मलेली अरुंद रुळांची रेल्वे आहे : व्हाइट पास अँड युकॉन रूट. १८९८ ला काम सुरू झालं, १९०० मध्ये पुरं झालं. तोवर सोन्याची लाट ओसरली होती. गाडी उरली आणि आज ती पर्यटकांवर पोट भरते. डोंगरकड्याला चिकटून वर खिंडीपर्यंत नेते आणि परत आणते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात अशा आई-बाबांसाठी याहून चांगली सहल नाही, कारण सगळा वेळ बसून राहायचं असतं. फक्त कॅनडाच्या हद्दीत आत जाऊन उतरणारी लांबची सहल घेतली तर पासपोर्ट आणि व्हिसा पुन्हा सोबत.

केचिकनला पाऊस असतो. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर. आमच्या महाबळेश्वरला यापेक्षा जास्त पडतो, असं सांगून कोकणातले आणि साताऱ्याचे लोक तिथल्या गाइडला गप्प करतात. पण रेनकोट मात्र सिएटलला विसरून आलेले असतात. तिथले टोटेमचे उंच लाकडी खांब आणि ओढ्यावर लाकडी खुंटांवर उभी असलेली क्रीक स्ट्रीट बघायला गाइड लागतोच असं नाही. गावातल्या धक्क्यावर जहाज लागलं तर चालत जाता येतं. मात्र काही कंपन्यांची जहाजं गावापासून काही मैल दूर वॉर्ड कोव्हला लागतात, तिथून बसने यावं लागतं. आपलं जहाज कुठल्या धक्क्यावर, हे निघण्यापूर्वी बघा. तास-दीड तास यातच जातो.

ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात उतरायचंच नसतं. दिवसाला फक्त दोन क्रूझ जहाजांना आत सोडतात. उद्यानाचे रेंजर जहाजावर चढून माहिती सांगतात. त्यामुळे सगळी जहाजं तिथे जात नाहीत. जाहिरातीत हिमनदीचा फोटो असतो, तुमच्या जहाजाच्या मार्गात कुठली हिमनदी आहे हे बारीक अक्षरांत असतं. मेनूचा फोटो मोठा करून वाचणाऱ्या बोटांना हे काम द्यायला हरकत नाही. आणि हिमनदी जवळ आली की डेकवर जा. त्या वेळी बुफे रिकामा असतो, हे खरं आहे. म्हणून तिकडे धावायचं नसतं.

"सहल जहाजाच्या काउंटरवर घ्यायची की बाहेरून?"

जहाज सहली विकतं, त्यात त्याचा वाटा असतो. बाहेर थेट घेतलेली सहल बरेचदा स्वस्त पडते आणि घोळका छोटा असतो. मग जहाजाची कशाला? एकाच कारणासाठी : जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुम्ही बाहेरून घेतलेल्या सहलीसाठी थांबत नाही. म्हणून सोपा नियम. लांब जायचं असेल, वेळ काठोकाठ असेल, सीमा ओलांडायची असेल, तर जहाजाची सहल घ्या. धक्क्यापासून जवळचं असेल तर स्वतः करा आणि पैसे वाचवा. जहाज एखाद्या बंदरात गेलंच नाही, हवेमुळे असं होतं, तर जहाजाच्या सहलीचे पैसे परत मिळतात. बाहेरच्याला हे आधी विचारून ठेवायचं.

देवमासे किंवा गाडी, दोन्हींना माणशी शंभर डॉलरच्या वर मोजावे लागतात. हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरायचं तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. चौघांच्या सहलींचा खर्च तिकिटाच्या अंगावर येऊ शकतो. म्हणून सगळं करायचं नसतं. चार बंदरांपैकी दोन ठिकाणी पैसे घाला, दोन ठिकाणी पायी फिरा. निवड करताना एक प्रश्न विचारा, जो घरात कुणी विचारत नाही कारण बाबांना राग येतो : "यात चालावं किती लागतं?" सहलीच्या वर्णनात ते लिहिलेलं असतं. स्वच्छतागृह आहे का, हेही लिहिलेलं असतं. देवमाशापेक्षा ते वाक्य महत्त्वाचं.

आणि या सहली आधी भरतात. जहाजावर चढून पहिल्या संध्याकाळी जेवून, हात धुऊन, निवांतपणे काउंटरवर गेलात तर उरलेलं मिळतं. उरलेलं म्हणजे सहसा दुकानं दाखवणारी चक्कर.

दुकानांचं वेगळं सांगायला हवं. जहाजावर खरेदीचं व्याख्यान असतं. व्याख्याता ज्या दुकानांची नावं घेतो, त्यांतल्या पुष्कळांनी त्यासाठी पैसे मोजलेले असतात. या तिन्ही गावांच्या धक्क्यांजवळ सराफी दुकानांची रांग आहे. तिथे आईला टांझानाइट नावाचा निळा खडा आवडतो. टांझानियात निघालेला, पुष्कळदा जयपुरात पैलू पाडलेला, अलास्कात सवलतीत विकला जाणारा. त्या पैशात जयपूरला जाऊन आला असता आणि मूगडाळीचा हलवाही झाला असता.

"थोडा उशीर झाला तर थांबतील ना? आम्ही चौघं आहोत."

नाही. सगळ्यांनी परत येण्याची वेळ साधारणपणे जहाज सुटण्याच्या अर्धा तास आधीची असते आणि ती उतरताना दारातच लिहिलेली असते. अलास्काचं घड्याळ सिएटलच्या एक तास मागे आहे. जहाजाचं घड्याळ काय दाखवतं तेच प्रमाण माना. मनगटावरचं पुण्याचं घड्याळ, "किती वाजले असतील आपल्याकडे" हे कळावं म्हणून बाबांनी बदललेलं नसतं, ते मानू नका.

ज्यूनोत चुकलात तर टॅक्सीवाला मदत करू शकत नाही. राज्याची राजधानी असूनही या गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. एकीकडे डोंगर आणि बर्फ, दुसरीकडे पाणी. पुढच्या बंदरावर जहाज गाठायचं तर विमानाने किंवा फेरीने, स्वतःच्या खर्चाने. धक्क्यावरून धावत येणारी माणसं आणि डेकवरून त्यांना टाळ्या देणारी माणसं हा क्रूझवरचा फुकटातला करमणुकीचा कार्यक्रम आहे. तुम्ही टाळ्या देणाऱ्यांत असा. पासपोर्टची प्रत, औषधांचा दिवसाचा डोस आणि जहाजाच्या स्थानिक एजंटचा फोन नंबर खिशात ठेवूनच उतरा. तो नंबर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला असतो. जेवणाच्या वेळा शोधताना नजर त्याच्यावरून गेलेली असते.

शेवटचं. ज्यूनोची वस्ती बत्तीस हजारांच्या आतबाहेर आणि एका मोसमात जहाजांनी येणारे प्रवासी १६ लाखांच्या वर. लोक वैतागले. २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं, असा करार गावाने कंपन्यांशी केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात शनिवारी मोठी जहाजं नकोतच, या ठरावावर मतदानही झालं. ठराव पडला. त्या गावाने तुम्हाला शनिवारी येऊ द्यायचं की नाही यावर मतपत्रिका छापली. आपण निदान त्या गावाचं नाव तरी नीट वाचून जावं.

तेव्हा क्रूझ ठरली की क्रम असा ठेवा. आधी पासपोर्ट आणि कॅनडाचा व्हिसा. मग जहाजाचा मार्ग, बंदरांच्या वेळा आणि धक्का. मग दोन सहली. मग रेनकोट. आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरलाच तर, मेनू. जहाज कुणाला उपाशी ठेवत नाही. धक्क्यावर मात्र खुशाल ठेवून जातं.